तुपातला खुंटा

“सकाळची पहिली लघवी कधी काळपट व्हायची का? कोऱ्या चहासारखी? आणि दुपारपर्यंत पुन्हा साफ?” डॉक्टरबाईंनी विचारलं. राजेश्वरीनं पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा चाचपला आणि मान खाली ठेवूनच सांगितलं, “आठवत न्हाई.”

सुनेचं हे उत्तर ऐकलं आणि डोक्यावरचा भारा कुणी आपण होऊन उतरवून घ्यावा तसं आक्काबाईला हलकं वाटलं. पण ते हलकेपण पुरता एक श्वासही टिकलं नाही.  पोरीला आठवत होतं. तिला आठवत होतं हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोन्ही माणसं या खोलीत, हातभर अंतरावरच्या दोन खुर्च्यांत बसली होती. सावेडीतल्या या दवाखान्यात रक्ताच्या आजारांच्या या डॉक्टरबाई दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. केस कापलेल्या, बोलताना हातातलं पेन नाचवणाऱ्या, आक्काबाईच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. मुलगा आदिनाथ नागापूरच्या कारखान्यातून सुट्टी काढून आला होता आणि रिपोर्टांची फाईल मांडीवर अशी जपून धरून बसला होता, जशी काही ती फाईलच आजारी आहे. दाराशी राजेश्वरीचा बाप, आसाराम. स्टूल रिकामं असून उभा. त्याचा मुलगा बजरंग खाली रक्त द्यायला गेला होता. बहिणीच्या हाडातली मज्जा भावाच्या मज्जेशी जुळते का ते बघायचं होतं. दोघंही पहाटेच्या एस.टी.नं पाथर्डीकडून आले होते. आल्यापासून आसारामनं चहासुद्धा घेतला नव्हता. आक्काबाईच्या घरचा तो घेणारच नव्हता, पण दवाखान्याच्या बाहेरचासुद्धा नाही.

अर्ध्या तासापूर्वी आक्काबाई वेगळीच बाई होती. “आजी, तुम्हाला कळेल असं सांगते,” डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा ती फणकारली होती, “तुमी सांगा तर. कळायचं माझं मी बघते.” मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. ही रक्तातली तांबडी पेशी. हिची साल म्हणजे चरबीचा पातळ थर, तुपाचा म्हणा. अंगात जंतू मारणारी एक फौज सारखी हिंडत असते, ती आंधळी, समोर येईल त्याला भोकं पाडते. पेशीच्या सालीवर राखणदार उभा असला तरच अडते. पण राखणदार नुसता तुपावर उभा कसा राहणार, वाहून जाईल. म्हणून पेशी आधी आतल्या आत एक खुंटा घडवते. त्याला खाली चरबीचे दोन पाय, ते तुपात रुतवायचे. वर साखरेच्या कड्यांची बारीक साखळी. राखणदाराची शेपटी कापायची, त्या जागी साखळीचं टोक जोडायचं आणि मग सगळं मिळून बाहेर सालीवर पाठवायचं. “शेपटी कशापायी कापायची?” आक्काबाईनं विचारलं. “तिथंच सांधा बसतो, आजी.” हे तिला पटलं. खिळा ठोकायचा तर लाकूड थोडं तासावं लागतंच. “आता हिच्या पेशी राखणदार बनवतात, पण–” डॉक्टरबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, “खुंटाच न्हाई. कुत्रं हाय, पर बांधायला खुंटा न्हाई. मग दारात कोन ऱ्हातंय?” डॉक्टरबाईंचं नाचतं पेन थांबलं. “बरोबर. अगदी बरोबर, आजी.” आक्काबाईनं लेकाकडं बघितलं. डिप्लोमा झालेला लेक अजून कागदावरच्या गोलाकडं बघत होता. आपल्या दोन इयत्ता आणि याची तेरा वर्षं, असं मनात म्हणून तिनं पदर सारखा केला. एवढ्या बारीक गोष्टीतसुद्धा तिला मिरवायचं होतं, हे आता आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

कारण त्याच दमात तिनं पुढचं विचारलं होतं. “मंग तूप बंद केलं हुतं मी हिचं. डोळं पिवळं दिसाया लागलं तवा. कावीळ म्हनून. तेल न्हाई, तूप न्हाई, नुसता ताकभात. त्यानं तर न्हाई सुटलं हे खुंट्याचं?” विचारताना आवाज कापला होता आणि तो कापला म्हणून तिला बरंही वाटलं होतं. त्यानंच झालं असतं तर किती बरं. काविळीला तूप बंद करणं तिला तिच्या आईनं शिकवलं, आईला आजीनं. अर्धा पारनेर तालुका तेच करतो. त्या चुकीला संगत होती, त्या चुकीत शंभर बाया पाय सोडून बसल्या होत्या आणि ती त्यांच्यात जाऊन बसली असती, रडली असती, लोकांनी पाठीवरून हात फिरवला असता. पण डॉक्टरबाई हसल्या. “नाही हो. खाल्लेल्या तुपाचा काही संबंध नाही. खुंट्याची चरबी पेशी आपली आपण बनवते.” तेवढी जागासुद्धा मिळाली नाही.

मग दारातून आसारामचा आवाज आला होता. “बाई, म्या अडानी मानूस. योक इचारू? हे आमच्या रगतातून आलं का पोरीत?”

“नाही काका. जन्मल्यावर, मोठी झाल्यावर कधीतरी, तिच्या मज्जेतल्या एकाच पेशीत चूक झाली. खुंटा घडवायच्या पहिल्याच पायरीवर. मग त्या एका पेशीची पिलावळ वाढली. आईबापाकडून हे येत नाही आणि पुढं मुलाबाळांत जात नाही. तुमच्याकडं काही दोष नाही.”

आसारामनं तीनचार वेळा मान हलवली, चौकटीचं लाकूड हातानं धरलं, आणि मग ते लाकूडच पुसू लागला, धूळ नव्हती तरी. त्यानं आक्काबाईकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिच्याजवळ उत्तर तयार होतं. तिच्याजवळ सगळ्यांसाठी उत्तर तयार असायचं. गेल्या महिन्यात रोग बाहेर आला तेव्हा तिनं त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं आणि हॉलमध्ये, फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून, समोरच्या ज्योतीला आणि वरच्या मजल्यावरच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं होतं. “खान तशी माती, इवाई. किडकं बी आमच्या पदरात टाकलं तुमी. सहा म्हैनं कोयत्यावर हिंडनारी मानसं, सोयरिकीच्या टायमाला मी म्हनत हुते, बघून घ्या, बघून घ्या. पर माझं ऐकतंय कोन.” पाथर्डीकडची ही माणसं, दुष्काळात ऊसतोडीला जातात, जमीन असून नसल्यासारखी, आक्काबाईच्या घरची बारमाही विहीर. ते अंतर तिनं लग्नापासून कधी मिटू दिलं नव्हतं. आसारामनं तेव्हा टोपी सारखी केली होती आणि म्हणाला होता, “आसंल, इहीनबाई. आमच्याच रगतात काय आसंल. पर पोरीला टाकू नका.” त्यावर ती काय म्हणाली होती ते तिला आत्ता आठवायचं नव्हतं, आणि आठवलं. ती म्हणाली होती, “बघू.”

खोलीतला एसी गार वारा नेमका मानेवर सोडत होता. फिनेलचा वास होता. आक्काबाईनं डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढं पांढरं भांडं आलं. फ्लॅटमध्ये संडास एकच. सहा वर्षांपूर्वी मालक गेले आणि ती गाव सोडून लेकाकडं सावेडीत राहायला आली तेव्हापासून त्या पांढऱ्या भांड्याचा तिला राग होता. रानात काही दिसत नाही, इथं घरातलं सगळ्यांचं सगळं दिसतं. राजेश्वरी पाणी कमी वापरायची, टंचाईच्या गावची पोर, अर्ध्या तांब्यात भागवायची. एका सकाळी तिच्यामागून आक्काबाई गेली तर भांड्याच्या कडेला तांबूस काळं उतरलेलं. पोरीची पाळी होऊन दहा दिवसच झाले होते. आक्काबाईनं बोटं मोजली. म्हणजे ही परत बाहेरची झाली आणि सांगत नाही. तसंच स्वयंपाकाला हात लावते, तसंच देवाजवळचं तांब्याभांडं घासते. नवरात्र चालू होतं, हॉलच्या कोपऱ्यात घट बसलेले, मातीतून गव्हाची पिवळी पाती नुकती वर यायला लागलेली. आक्काबाईनं एक अक्षर न विचारता गॅलरीत चटई टाकली, वेगळं ताट ठेवलं. “आत्या, ते तसलं न्हाई हो,” पोर म्हणाली होती. “मग कसलं? कुकू सांडलं व्हय?” आदिनाथ कारखान्यातून आला, बायको गॅलरीत दिसली, त्यानं डोळे वळवून घेतले. बायकांचं बायका बघतील. त्याला तसंच वाढवलं होतं तिनं.

सहाव्या माळेच्या दुपारी राजेश्वरी गॅलरीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोन हातांत दोन काचेच्या बाटल्या, मसाल्याच्या, झाकणं घट्ट लावलेल्या. “आत्या, शिवत न्हाई मी कशाला. नुसतं बघा. ही सकाळची, ही आत्ताची. दोन्ही लघवीच हाय. पाळी आसती तर दुपारी पन तसंच आसतं ना?” डाव्या हातातली बाटली काळी-तांबडी, उजव्या हातातली पाण्यासारखी, जरा पिवळी. गॅलरीतलं ऊन दोन्हींतून आरपार येत होतं. पोर बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. तिनं आपल्या परीनं पुरावा उभा केला होता, आणि तो घेऊन ती घरातल्या एकाच माणसाकडं आली होती. आज डॉक्टरबाईंनी जे विचारलं ते शब्दाला शब्द तेच होतं. पुण्याच्या मशीनवर पेशींची तपासणी करून जे निघालं, ते दोन वर्षांपूर्वी गॅलरीच्या उंबऱ्यात दोन बाटल्यांत उभं होतं. “घट बसल्यात घरात, आन मूत मिरवतीस? लाज वाटत न्हाई?” आक्काबाईनं बाटल्या ओढून घेतल्या, मोरीत उपड्या केल्या आणि काचेसकट कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

इथपर्यंत आठवून ती नेहमी थांबायची. इथं थांबलं तर बाई अडाणी होती, सोवळ्याओवळ्याची होती, एवढंच निघायचं. आज थांबता येईना. आज कागदावर तो गोल होता, तो खुंटा होता, आणि आपल्याला लेकाच्या आधी कळतं हे तिनंच चारचौघांत दाखवून दिलं होतं. तर मग हेही कळलं होतं. गावी असताना तिची एक खिल्लारी गाय सकाळी उठून तांबडी मुतली. आक्काबाई धार काढायला बसलेली. चरवी तशीच ठेवून अनवाणी पळत रस्त्यापर्यंत गेली, दूधवाल्याच्या गाडीवर बसून तालुक्याहून ढोरांचा डॉक्टर घेऊन आली. गोचिडाचा ताप, डॉक्टर म्हणाले, रगत आतल्या आत फुटतंय आणि मुतावाटे जातंय, दोन दिवस उशीर झाला असता तर गेली असती. गाय पुढं तीन वेतं व्याली. तो रंग आक्काबाईच्या डोळ्यांत पक्का बसलेला होता. त्या दुपारी डाव्या हातातल्या बाटलीत तिला तो रंग ओळखता आला होता. बाटली हिसकायच्या आधी, तोंड उघडायच्या आधी. हे पाळीचं नव्हं, हे रगत फुटल्याचं हाय, असं तिच्या आत कुणीतरी स्पष्ट म्हणालं होतं. पण तोवर तिनं पारनेरला जावेला फोन करून सांगितलं होतं की सून घटाला विटाळ करते. ज्योतीला सांगितलं होतं. पोरीला तीन दिवस चटईवर बसवलं होतं. गाईसाठी पळताना कुणापुढं शब्द गिळावा लागला नव्हता. सुनेसाठी पळायचं तर आधी बोललेलं सगळं गिळावं लागलं असतं. तिनं ते गिळलं नाही. एवढ्यासाठी. पुढं दीड वर्ष, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस, चटई गॅलरीत पडत राहिली. पोरीनं पुन्हा काही दाखवलं नाही. चेहरा मेणासारखा झाला, जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली, तर आक्काबाई म्हणायची, “नाजूक लई.”

आणि मग या उन्हाळ्यात पोट वाढलं. देवानं ऐकलं असं आक्काबाईला वाटलं. चटई गुंडाळून माळ्यावर गेली. तिनं स्वतःच्या हातानं डिंकाचे लाडू वळले, पोरीला पलंगावरून उतरू दिलं नाही, चिंच हवी का, बोरकूट हवं का विचारलं. आणि राजेश्वरी नुसती बघत राहायची, घाबरल्यासारखी, एवढी माया कुठं ठेवावी ते न कळल्यासारखी. दोन वर्षांत त्या दोन महिन्यांएवढं सुख त्या घरात नव्हतं. सोनोग्राफीच्या बाईनं यंत्र पोटावरून दोनदा फिरवलं आणि आक्काबाईला बाहेर बसायला सांगितलं. मूल नव्हतं. पाणी होतं. यकृताच्या शिरेत रक्ताची गाठ बसली होती, ज्यांच्या पेशींना खुंटे नसतात त्यांच्या रक्ताला अशा गाठी धरतात, हे नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की आपण डिंकाचे लाडू पाण्याला भरवत होतो.

“राजेश्वरी, नीट आठवून सांगा,” डॉक्टरबाई म्हणत होत्या. “शिरेतली गाठ नवी आहे की आजार जुना असून गाठी धरतच आल्यात, यावर पुढची औषधं ठरणार आहेत. भावाची मज्जा जुळली तरी आधी काय करायचं ते यावरच. अंदाजानं लिहिलं तर उलटं पडेल. लघवीचा रंग कधीपासून?”

राजेश्वरीनं आक्काबाईकडं पाहिलं नाही. बापाकडं पाहिलं, मग फाईलकडं. “न्हाई आठवत,” ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू. आक्काबाईला उमगलं की पोर तिला झाकतेय. आपल्या जिवाच्या किमतीवर झाकतेय. आणि ते मायेनं नव्हे. घरी परत जायचं आहे त्याच फ्लॅटमध्ये, त्याच सासूकडं, हे धरून ती बोलत होती. माया असती तर आक्काबाईनं कदाचित ती घेतली असती आणि गप्प राहिली असती.

“पाच-सहा महिने लिहा, डॉक्टर,” आदिनाथ म्हणाला. “पोट दिसायला लागलं तेव्हापासून. त्याआधी काही नव्हतं, मी घरातच असतो ना.” किती खात्रीनं बोलला. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. पेन कागदावर टेकलं.

“लिव्हू नका,” आक्काबाई म्हणाली.

सगळे वळले. आसारामसुद्धा.

“दोन वर्सं झाली. दोन वर्सं पुरी, वर म्हैना. नवरात्रात सहावी माळ हुती. सकाळी काळी, दुपारी साफ. म्या डोळ्यांनी बघितली. हिनंच दावली, दोन बाटल्यांत धरून. म्या फेकून दिल्या.”

“आई, काय बोलतीस तू?” आदिनाथ उठून उभा राहिला, फाईल खाली पडली, कागद फरशीभर झाले. “तुला काय कळणार त्यातलं? तुला पाळीचं वाटलं आसंल–”

लेकानं वाट करून दिली होती. सरळ, सारवलेली वाट. तिच्यावरून चालत गेलं की पलीकडं पुन्हा आक्काबाईच होती, अडाणी पण मानाची. तिनं जीभ टाळ्याला लावली. 

“न्हाई रं. वाटलं न्हाई. कळलं हुतं मला. गाय तशी मुतली तर म्या डाक्टर आनला हुता. मला कळलं हुतं हे आजाराचं हाय, आन तरी म्या हिला चटईवर बसवलं. लिव्हा बाई. दोन वर्सं लिव्हा.” मग दाराकडं न बघता, “आन इवाई, तुमच्या रगताला म्या बोलले. ते रगत चांगलं हाय. हितं सगळ्यांम्होरं सांगते.”

आता कुणीतरी ओरडेल असं तिला वाटलं. तिनं खांदे आवळून घेतले. आदिनाथ खाली बसून एकेक कागद गोळा करू लागला, आणि एकच कागद तीनतीनदा फाईलमध्ये घालू लागला. आसारामनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. तो बोलला असता, शिवी दिली असती तर आक्काबाईला त्या शिवीला धरून उभं राहता आलं असतं. त्यानं रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांना कोण वाईट आणि कोण चांगलं याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांना महिने हवे होते. “म्हणजे निदान पंचवीस महिने,” त्या म्हणाल्या. “राजेश्वरी, हे बरोबर आहे? त्या एकाच दिवशी दिसलं, की नंतरही?”

राजेश्वरीनं मान वर केली. पिवळसर डोळे, त्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशा आवाजात ती बोलली.

“रोजच. दुसऱ्या दिवशी मी परत भरल्या हुत्या. सकाळची एक आन दुपारची एक.”

“मग?”

“सांजच्यापतुर गॅलरीत ठिवल्या. कुनाला दाखवाव्या ते कळंना. ह्यांना कसं दाखवनार. मग दिल्या ओतून. आन गरम पान्यानं घासून, मसाला भरून जाग्यावर ठिवल्या. आत्यांना बाटल्या मोजून लागत्यात. दोन तर आधीच कमी झाल्या हुत्या.”